बाळाच्या हाती काय द्यावे? : भीमाकाठच्या खेळण्यांचा मागोवा

इतिहासाची पुस्तके उघडली म्हणजे तलवारी दिसतात, नाणी दिसतात, ताम्रपट दिसतात. खुळखुळा मात्र क्वचितच दिसतो. खुळखुळे नव्हते असे नाही. तान्ह्या मुलाचे खेळणे मुळात टिकावे म्हणून केलेलेच नसते. ते चोखले जाते, आपटले जाते, थोरल्याकडून धाकट्याकडे जाते आणि एके दिवशी चुलीत किंवा उकिरड्यावर त्याचा शेवट होतो. तरीही ज्या वस्तूशी माणसाच्या बोटांची पहिली ओळख होते, तिचा मागोवा कोणी घेऊच नये हे आम्हास पटत नाही. प्रस्तुत लेखात तो आम्ही उजनी धरणाकाठच्या गावांच्या आधारे घेण्याचे योजिले आहे. हीच गावे घेण्याचे कारण असे की, येथे एका पिढीच्या आत बाळाला खेळणे देणारे हात बदलले आणि ‘कोणते खेळणे घ्यावे’ हा प्रश्न आईबापांपुढे नव्याने उभा राहिला. पूर्वी तो फारसा पडत नसे. का पडत नसे, हे समजून घेतल्यावाचून आजचे उत्तर नीट देता येणार नाही.

उजनीच्या जलाशयात जे पाणी साठते त्यात घोड नदीचेही पाणी असते. या घोडेच्या काठी, शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून पुढे बरीच वर्षे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. म. के. ढवळीकर ही त्यांतील परिचित नावे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी येथे शेतकऱ्यांची वस्ती होती, ती इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास संपली. या वस्तीत दगावलेली मुले घरापासून दूर नेलेली आढळली नाहीत. दोन रांजणांची तोंडे एकमेकांस जोडून, त्यांत त्या चिमुकल्या देहाला ठेवून, राहत्या घराच्याच जमिनीखाली पुरलेली आढळली. लेकरू गेले तरी त्याने उंबरठा ओलांडू नये, असे त्या आईबापांना वाटत असावे. त्याच मातीत भाजलेल्या व न भाजलेल्या मातीची छोटी जनावरे, विशेषतः बैल, मिळाली. त्यांतील काही पूजेची होती हे त्यांच्या मांडणीवरूनच दिसते. काही मुलांच्या हातची असावीत. देव आणि खेळणे यांच्यामधली रेषा त्या काळी आजच्याइतकी ठळक नसावी. बेंदराला मातीचे बैल पाटावर पुजले जातात आणि दुसऱ्या दिवशी तेच पोरांच्या हाती येतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

येथे एक सावधगिरी हवी. जुने आणि लहान म्हणजे खेळणे, असे समजू नये. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार कांस्यमूर्ती सापडल्या: बैल जुंपलेला रथ व सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा. चित्रात त्या अगदी खेळण्यांसारख्या दिसतात. चौघांचे वजन मात्र साठ किलोंच्या वर भरते. बाळाचा खेळ त्यांनी कधी झाला नसेल, मिरवणूक कदाचित झाली असेल. उलट सिंधू संस्कृतीच्या नगरांत मिळालेले, पोटात खडे घातलेले मातीचे खुळखुळे, दोरीवर चढणारी माकडे आणि मान हलवणारे बैल ही निःसंशय खेळणीच होत.

आता प्रश्न येतो निवडीचा. तान्ह्याच्या हाती काय द्यावे, याचा विचार कोणी लिहून ठेवला आहे काय? ठेवला आहे, आणि तो इतका नेमका आहे की वाचताना आम्हास प्रथम आश्चर्य वाटले. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील शेवटच्या अध्यायात बाळंतिणीच्या व बाळाच्या संगोपनाची माहिती देताना खेळण्यांचेही लक्षण सांगितले आहे. ती रंगीबेरंगी असावीत, आवाज करणारी असावीत, डोळ्यांना गोड वाटावीत; वजनाने जड नसावीत, टोकदार नसावीत, तोंडात शिरतील अशी नसावीत, जीव घेतील अशी नसावीत आणि बाळाला भिववतील अशीही नसावीत. पुढे वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात हाच विचार मांडताना दोन गोष्टींची भर घातली. खेळणे लाखेचे असावे आणि आकाराने मोठे असावे. गाय, घोडा यांसारख्या शुभ प्राण्यांचे किंवा फळाच्या रूपाचे असावे. मोठे का, तर ते घशात जाऊ नये म्हणून. आजच्या बालरोगतज्ज्ञाला या यादीतील एकही अट खोडावी लागणार नाही. कोकणात सावंतवाडीच्या चितारआळीत आजही लाकडी फळे बनतात. त्यांच्यावर लाखेचा रंग चढवण्याची परंपरा आहे. लाखेची चकाकी आणि फळाचा आकार या दोन्ही गोष्टी वाग्भटाने सांगितल्या होत्या हे तेथील कारागिरास कोणी सांगितले नसेल. हाताने ग्रंथ न वाचताच ज्ञान जपले असे म्हणावयास हरकत नाही.

याच सुमारास पश्चिमेकडे काय चालले होते, हेही आपल्या वाचकांना रुचेल. इ. स. ४०३ च्या सुमारास संत जेरोम बेथलेहेमातील मठात राहत होते. पवित्र शास्त्राच्या लॅटिन भाषांतराने त्यांचे नाव अजरामर झाले. त्यांच्या लेखणीची धार मात्र भल्याभल्यांना बोचत असे. अशा या कठोर तपस्व्याला रोममधील लेटा नावाच्या मातेने विचारले की, माझ्या पावला या लहान मुलीला मी कसे वाढवू? उत्तरादाखल लिहिलेल्या पत्रात संतमहाशयांनी लाकडाची किंवा हस्तिदंताची अक्षरे करवून तिच्या हाती खेळण्यासाठी देण्यास सांगितले, म्हणजे खेळता खेळता ती शिकेल. कल्पना मूळची त्यांची नव्हती. रोमन शिक्षणतज्ज्ञ क्विंटिलियन याने ती तीनशे वर्षांपूर्वी मांडली होती. तरी वाळवंटात उपासतापास केलेला माणूस एका बाळाच्या खेळण्याची चिंता वाहतो, हे आम्हास त्यांच्या पांडित्याइतकेच मोठे वाटते.

आणि आपल्याकडे शूद्रकाचे मृच्छकटिक आहेच. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन याला दासी मातीची गाडी देते. त्याला ती नको असते. शेजाऱ्याच्या मुलाची सोन्याची गाडी त्याने पाहिलेली असते. वसंतसेना त्या मातीच्या गाडीत आपले दागिने घालते आणि तेथून पुढचा सारा अनर्थ घडतो. शेजारच्या अंगणातले खेळणे पाहून रडणारे मूल आणि त्याचे रडे दागिन्याने थांबवू पाहणारे प्रेमळ मोठे माणूस, ही जोडी नाटकाबाहेरही चांगलीच दीर्घायुषी ठरली आहे. बाप्तिस्म्याच्या दिवशी आपल्या घरांत साचणारी खेळण्यांची रास ज्यांनी पाहिली असेल, त्यांना अधिक सांगणे नलगे.

भीमेच्या काठी मात्र सोन्याच्या गाडीचा प्रश्न नव्हता. करमाळा, माढा, इंदापूर या तालुक्यांतील नदीकाठची गावे काळ्या जमिनीची आणि रब्बीच्या ज्वारीची. पाऊस बेताचा, दुष्काळ नेहमीचा पाहुणा. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात ज्या बलुतेदारीचे वर्णन केले, तीच व्यवस्था येथे नांदत होती. तिच्यातील अन्याय आम्हास ठाऊक आहेत. उच्चनीच भावाने पोखरलेली ती व्यवस्था पुन्हा यावी, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु बाळाच्या खेळण्यापुरते पाहिले तर तिच्यात एक सोय होती. खेळणे विकत घेण्याची वस्तूच नव्हती. ते नात्यातून आणि बलुत्यातून येई.

पाळण्यावर चिमणाळे टांगले जाई. कापडाच्या किंवा लाकडाच्या चारसहा रंगीत चिमण्या, वाऱ्याने हलणाऱ्या. नवजात बाळाला सुमारे वीतभर-दीडवीत अंतरावरचेच काय ते नीट दिसते. दूध पिताना आईचा चेहरा तेवढ्याच अंतरावर असतो. म्हणून पहिल्या दीड-दोन महिन्यांत आईचे तोंड हेच खरे खेळणे. नंतर नजर जसजशी दूर पोचते तसतशी ती चिमण्यांवर ठरू लागते, हलत्या वस्तूमागे फिरू लागते आणि तीनचार महिन्यांचे मूल तिच्याकडे हात फेकू लागते. हात लागत नाही, पुन्हा फेकतो, एकदाचा लागतो. या एका धडपडीत डोळा आणि हात यांची जी सोयरीक जमते ती आयुष्यभर पुरते. आजीला हे शास्त्र माहीत नव्हते. मूल उठून बसू लागले, दोरीला लोंबकळू लागले की चिमणाळे काढून ठेवायचे, एवढे तिला पक्के ठाऊक होते. आजचे वैद्यकही नेमके हेच सांगते, कारण दोरी गळ्याभोवती अडकण्याचे भय असते.

खुळखुळा कधी लाकडाचा असे, कधी शिंदीच्या पात्यांचा विणलेला आणि पोटात चार खडे घातलेला. मुठीत धरता येईल अशी त्याची दांडी आणि घशात जाणार नाही असे त्याचे डोके. मुलाने हात हलवला की आवाज येतो, थांबला की थांबतो. ‘मी केले म्हणून हे झाले’ ही माणसाच्या बुद्धीतील पहिली मोठी गोष्ट बाळ येथे शिकते. शिंप्याच्या दुकानातील चिंध्यांची बाहुली शिवली जाई. सहा-सात महिन्यांच्या मुलापुढे आई भाकऱ्या थापताना पितळेची वाटी आणि पळी टाकी. ते तासभर आपटत बसे. वाटी पालथी घालून तिच्याखाली चिंचोक्यासारखे काही लपवण्याचा खेळ मोठी भावंडे खेळत, आणि आठ-नऊ महिन्यांचे मूल वाटी उचलून पाहू लागले की घरात हशा होई. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी आपल्याच मुलांवर हे प्रयोग करून १९३० च्या दशकात ग्रंथ लिहिले. दिसेनाशी झालेली वस्तू नाहीशी होत नाही, हे ज्ञान मूल याच वयात मिळवते, असे त्यांनी दाखवले. चिंचोक्याबद्दल मात्र आम्ही येथेच बजावून ठेवतो. चिंचोका, शेंगदाणा, मणी, गोटी या वस्तू तीन वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नयेत. लपवायचे असेल तर वाटीखाली मोठा कांदा लपवावा. मुलाच्या आनंदात काही उणे पडत नाही.

पण या साऱ्यांचा राजा म्हणजे पांगुळगाडा. तीन चाके, वर धरायला आडवी दांडी. सुतार तो बहुधा बाभळीचा करी, कारण बाभूळ बांधावरच उभी. बाभळीचे लाकूड जड असते, आणि या जडपणातच खरे शहाणपण होते. उभे राहू लागलेले मूल दांडी धरते, अंगाचा भार देते. हलका गाडा असता तर तो पुढे पळाला असता आणि मूल तोंडावर पडले असते. बाभळीचा गाडा मुलाच्या जोराइतकाच हलतो. चालणारे मूलच, गाडा फक्त सोबत करतो. आज बाजारात जो गोल, चाकांचा, मधे मुलाला बसवण्याचा ‘वॉकर’ मिळतो त्याला लोक पांगुळगाड्याचा वारस समजतात. तो गैरसमज आहे. त्यात मूल बसते आणि पायाच्या बोटांनी जमीन ढकलते. उभे राहण्याचा, तोल सावरण्याचा सराव होतच नाही, आणि उतारावर, पायऱ्यांवर ते क्षणात घरंगळते. कॅनडाने २००४ साली अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही बंदीचीच मागणी करीत आली आहे. आपल्याकडे तो अजून पहिल्या वाढदिवसाची मानाची भेट आहे.

बेंदराचा किंवा पोळ्याचा बैल कुंभार देई. नदीकाठची गाळवट माती, लीद मिसळून तिंबलेली. तिची गाडगी, मडकी, रांजण आणि उरलेल्या गोळ्याचे बैल. मोठी मुले ज्वारीच्या ताटाच्या भेंडापासून बैलगाडी करीत. चिपाडाचे जू, भेंडाची चाके, बाभळीच्या काट्यांचे खिळे. धाकटे पाळण्यातून किंवा आजीच्या मांडीवरून ते पाहत असे, आणि दीड-दोन वर्षांचे झाले की त्या गाडीचा नाश करण्याचा पहिला मान त्याचा. पंढरीची वारी करून आलेला माणूस चुरमुऱ्यांबरोबर एखादे लाकडी रंगीत खेळणेही आणी. एवढीच काय ती खरेदी.

या सर्वांत ‘निवड’ कोठे होती? होती, पण ती आईबापांनी एकट्याने करावयाची नव्हती. ज्या सुताराने गाडा केला तो त्याच गल्लीत राहत होता. गाड्याची कड मुलाला लागली तर संध्याकाळी आजी त्याच्या दारात जाऊन त्याला चार शब्द ऐकवू शकत होती. वस्तू करणारा, देणारा आणि तिच्याशी खेळणारा हे एकमेकांना ओळखत होते. ही ओळख हेच त्या काळचे प्रमाणपत्र होते.

१९६९ साली माढा तालुक्यातील उजनी गावाजवळ भीमेवर धरणाचे काम सुरू झाले आणि १९८० साली ते पूर्ण झाले. जलाशयाला यशवंतराव चव्हाणांच्या नावावरून यशवंतसागर म्हणतात. एकंदर साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यांपैकी ६३ टीएमसीहून अधिक पाणी मृतसाठा म्हणून तळाशीच राहते. सोलापूर, पुणे व तेव्हाच्या अहमदनगर या जिल्ह्यांतील नदीकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली. केत्तूर, पोमलवाडी, वांगी, कुगाव, पळसदेव ही नावे आता पाण्याखालच्या जागांचीही आहेत आणि काठावरच्या नव्या वसाहतींचीही. काही नावांना क्रमांक लागले: केत्तूर नंबर एक, केत्तूर नंबर दोन, वांगी तर त्याहून अधिक भागांत विभागली. एखादे गाव फुटले म्हणजे काय होते, हे या क्रमांकांइतके थोडक्यात कोणी सांगितलेले नाही.

धरणाने पाणी दिले, वीज दिली, ऊस दिला. दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसाच्या नातवाला शाळा व दवाखाना मिळाला, त्यातही या पाण्याचा वाटा आहे. तो नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु मोबदला मोजला जातो तो जमिनीचा, घराचा, झाडाचा. कुंभाराची माती, सुताराचे गिऱ्हाईक, शेजारणीची आजी यांचा पंचनामा होत नाही. घरे नव्या जागी सरळ रेषेत बांधली गेली, तेव्हा कोण कोणाच्या शेजारी आले याला जुन्या गल्लीचा नियम उरला नाही. काठची माती पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की गाळ उघडा पडतो, पण तोवर मडक्याची जागा स्टीलच्या हंड्याने आणि प्लास्टिकच्या घागरीने घेतली होती. सारा दोष धरणाचा नाही. स्टील आणि प्लास्टिक धरण नसलेल्या गावांतही पोचले. मात्र इतरत्र जे पन्नास वर्षांत सावकाश घडले ते येथे दहा वर्षांत घडले. पाणी आल्यावर पीक बदलले. मोहोळच्या संशोधन केंद्राने निवडलेली मालदांडी जेथे डोलत होती तेथे ऊस उभा राहिला. उसाला ज्वारीसारखे भेंड नाही. पोरांची भेंडाची गाडी संपली ती कोणाच्या बंदीने नव्हे, पीक बदलल्याने संपली. इतिहासात कारणे अशीही असतात.

मग टेंभुर्णी, भिगवण, करमाळा येथील आठवडी बाजारांत आणि जत्रांत प्लास्टिकची खेळणी आली. त्यांत निषिद्ध असे काही नाही. एखादा चांगला प्लास्टिकचा खुळखुळा धुता येतो, जे शिंदीच्या खुळखुळ्याचे होत नसे. अडचण वेगळी आहे. विकणारा माणूस पुन्हा पुढच्या आठवड्यात दिसेलच असे नाही, आणि ते खेळणे कोठे, कशापासून झाले हे त्यालाही ठाऊक नसते. ज्या आईला पूर्वी सासू, सुतार आणि शेजारीण मिळून सल्ला देत, ती आता एकटी उभी राहून दहा रंगांतून एक उचलते. रंग भडक, आवाज मोठा, किंमत परवडणारी, एवढ्या तीनच कसोट्या तिच्या हाती उरल्या.

योगायोगाने, ज्या दशकांत भीमाकाठ आपली खेळणी गमावत होता त्याच दशकांत महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला याच प्रश्नाचे उत्तर तयार झालेले होते. फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन गुरुजींनी १८३७ साली बालशिक्षणाचे काम सुरू केले तेव्हा मुलासाठी त्यांनी ठरवलेली पहिली भेट म्हणजे लोकरीचे सहा रंगीत चेंडू. १९०७ साली, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, ६ जानेवारीला, डॉ. मारिया माँटेसरी यांनी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह उघडले. मुलाला उपदेश करण्याऐवजी त्याच्या हाताला काम द्यावे आणि मोठ्यांनी मधे पडू नये, हा त्यांचा आग्रह. १९३९ साली त्या भारतात आल्या. महायुद्धात इटालियन नागरिक म्हणून त्यांच्या हालचालींवर बंधने आली आणि १९४६ पर्यंत त्यांना येथेच राहावे लागले. तत्पूर्वीच गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी भावनगरात हे काम आरंभले होते. पण ताराबाईंना लवकरच उमगले की, माँटेसरीची सुबक, महागडी साधने खेड्यातल्या पोरापर्यंत पोचणार नाहीत. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचा प्रयोग मांडला. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांमध्ये गेले. शिंपले, बिया, पाने, खडे, बांबूचे तुकडे, मातीचे गोळे हीच तेथली साधने. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या अंगणातून निघाला. १९७५ साली केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला, पण आमच्या समजुतीप्रमाणे त्याच्यामागचे शिंपले आणि बिया वाटेत कोठेतरी गळून पडल्या. अंगणवाडी म्हणजे खिचडी वाटण्याची जागा, असे अनेक आया आजही समजतात. धरणाकाठच्या विस्थापित वस्तीला जर कशाची गरज होती, तर त्या कोसबाडच्या बियांची.

तर आजच्या आईबापांनी काय पाहावे? चरकाची कसोटी अजून जुनी झालेली नाही. तिला आजची चार नावे जोडावी लागतात इतकेच. तोंडात शिरू नये याचा अर्थ आता मोजून सांगता येतो: ज्या वस्तूची किंवा तिच्यातून सुटणाऱ्या तुकड्याची जाडी सुमारे सव्वातीन सेंटीमीटरहून कमी, ती तीन वर्षांखालील मुलाला देऊ नये. जीव घेऊ नये यात आता बटणासारखी चपटी बॅटरी येते. गिळली तर ती दोन तासांत अन्ननलिका जाळू शकते, म्हणून बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद असलेच पाहिजे. रंगाच्या बाबतीत शिशाचे भय आहे. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशावर भारतात २०१७ पासून कडक मर्यादा आहे, तरी जुन्या डब्यातील रंगाने घरी रंगवलेले खेळणे तान्ह्याला चोखावयास देऊ नये. लाकडी म्हणजे आपोआप निर्धोक असेही नाही. हल्ली लाखेऐवजी तयार तैलरंग फासलेला असू शकतो. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे. गल्लीतल्या सुताराची ओळख जेथे संपली तेथे हे चिन्ह आले, असे म्हणता येईल. ते पाहण्याची सवय लावून घ्यावी. भिववू नये, हा चरकाचा शब्द तर आज अधिकच हवा. कानठळ्या बसवणारे, दिवे उडवणारे, स्वतःच नाचणारे खेळणे पाहून मूल क्षणभर थबकते आणि मोठ्यांना वाटते, त्याला आवडले. खेळणे जितके अधिक काम करते तितके मुलाला काम उरत नाही.

आणि मोबाइल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट सांगितले की एक वर्षाखालील मुलाला पडदा मुळीच दाखवू नये. भारतातील बालरोगतज्ज्ञांची संस्था ही मर्यादा दोन वर्षांपर्यंत नेते. वरवर पाहता मोबाइल चिमणाळ्यासारखाच वाटतो, रंगीत आणि हलता. पण चिमणीला हात लागला तर ती झुलते, तिची कड बोटाला कळते, ती निसटते आणि परत येते. काचेवरची चिमणी बोटाखाली सदैव सपाटच असते. शिवाय चिमणाळे हलवायला कोणी तरी पाळण्यापाशी येत असे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ च्या अखेरीस खेळण्यांविषयी जे निवेदन काढले त्याचा मथितार्थही असाच आहे: उत्तम खेळणे ते, ज्याच्या निमित्ताने मोठे माणूस बाळाजवळ बसून बोलते. त्यासाठी महाग वस्तू लागत नाही.

हे वाक्य सुखवस्तू घरात ऐकायला बरे वाटते. ऊसतोडीच्या फडात ते अवघड होते. दिवाळीनंतर या पट्ट्यात टोळ्या उतरतात. पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात, बांधावरच्या झाडाला झोळी टांगली जाते आणि आई पहाटेपासून फडात असते. तिच्या बाळाजवळ बसून बोलायला असते ती सात-आठ वर्षांची बहीण, जिची स्वतःची शाळा बुडालेली असते. तिला ‘बाळाशी बोलत जा’ असे सांगणे म्हणजे तिच्याच पाठीवर आणखी एक मोळी ठेवणे. तरीही ती बोलते. मागील हंगामात आम्ही एका कोपीपाशी थांबलो असता, तिने झाकण घट्ट बसवलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत मूठभर खडे व उसाच्या पाल्याचे हिरवे तुकडे घालून खुळखुळा केलेला पाहिला. बाळ तो दोन्ही हातांनी धरून आडवा-उभा करीत होते आणि तुकडे खाली-वर होताना पाहत होते. झाकण सुटले तर खडे तोंडात जातील, म्हणून आम्ही ते टेपने बांधायला सांगितले. तिच्याकडे टेप नव्हती. तिने आपल्या ओढणीची कड फाडली आणि दातांनी गाठ मारली.

उजनीच्या पुनर्वसित गावांत सुतार अजून आहेत. ते दारे, चौकटी आणि पलंग करतात. पांगुळगाडा सांगितल्यास करून देतात. बाभूळ मिळते. २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्याच्याही खूप खाली गेले, उणे पन्नास टक्क्यांच्या पलीकडे, आणि पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर पाहायला लोकांनी गर्दी केली. जुन्या गावठाणांच्या गाळात तेव्हा खापरांचा सडा उघडा पडला होता. काठावरच्या एका गावात आम्ही विचारले तेव्हा साठी उलटलेल्या सुतारांनी सांगितले की, वर्षाला दोन-तीन गाडे ते करतात, तेही आजोबांच्या आग्रहावरून. पोरांचे बाप वॉकर आणतात. गाडा करायला दोन दिवस लागतात, आणि त्याची चाके अजूनही ते करवतीने कापून, मधले भोक तापलेल्या सळईने पाडतात. आम्ही एक सांगून आलो आहोत. तो आमच्या बालवाडीत नाताळपूर्वी येईल.